नव्या वाहनाची रुळवण आणि ब्रेकची निगा

दसरा, धनत्रयोदशी आणि गुढीपाडवा हे तीन मुहूर्त म्हणजे आपल्या इंद्रायणीकांठच्या गांवांत वाहनखरेदीची सुगीच होय. मोशी, डुडुळगांव, चऱ्होली, चिखली आणि नदीपलीकडील मोई, कुरुळी, चिंबळी ह्या गांवांतून त्या दिवशीं हार घातलेल्या नव्या मोटारी, टेंपो आणि ट्रॅक्टर देवळापुढें उभे राहतात. नारळ फुटतो, चाकाखालीं लिंबू ठेवलें जातें, पेढे वाटले जातात. ह्यांत गैर कांहीं नाहीं. ज्या वस्तूवर घरचीं माणसें आणि घरचा माल रोज जावयाचा तिची पूजा करावी हें आमच्या संस्कारास धरूनच आहे. आमची तक्रार पूजेनंतरच्या दुसऱ्या दिवसाविषयीं आहे.

त्या दुसऱ्या दिवशीं मोटार असेल तर सात-आठ माणसें भरून ती तुळजापूर, कोल्हापूर अशी एका दमांत पळविली जाते, आणि परत आल्यावर ‘कांटा शंभरावर गेला तरी थरथर नाहीं’ असें कौतुकानें पारावर सांगण्यांत येतें. ट्रॅक्टर असेल तर पहिल्याच आठवड्यांत त्याला पलटी नांगर जोडून टणक झालेलें रान उलथावयास लावतात, अथवा कांठोकांठ भरलेली ट्रॉली जोडून चाकणच्या बाजारास धाडतात. हेच आपले शेतकरी बंधु नव्या खोंडाच्या बाबतींत मात्र किती जपून वागतात! खोंड शिकावयाचा तर त्याला जाणत्या बैलाच्या जोडीस लावावा, प्रथम रिकामी गाडी ओढूं द्यावी, मग हलका कुळव, आणि खांदा तयार झाल्यावर नांगर, हा क्रम कोणास शिकवावा लागत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बंद केलेल्या बैलगाडा शर्यतींस २०२१ च्या डिसेंबरांत पुन्हां वाट मोकळी झाली, तेव्हांपासून आपल्या भागांत शर्यतीच्या बैलांची जी बडदास्त ठेवली जाते ती सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. जो मनुष्य बैलाच्या खुरास खडा टोचला तर रात्रभर झोपत नाहीं, तोच मनुष्य पंधरा लाखांचें यंत्र पहिल्या दिवशीं ऊर फुटेपर्यंत पळवितो, ह्याचें कारण निष्काळजीपणा हें नसून अज्ञान हें आहे असें आम्हांस वाटतें. बैलाचें दुखणें दिसतें; यंत्राचें दिसत नाहीं.

यंत्राच्या पोटांत काय चालतें तें थोडक्यांत सांगतों. इंजिनाच्या सिलिंडराची आंतली भिंत बोटाला गुळगुळीत लागली तरी तिच्यावर कारखान्यांत मुद्दाम बारीक, एकमेकींस छेदणाऱ्या रेघा काढलेल्या असतात. त्या रेघांत वंगण टिकून राहतें. पिस्टनभोंवतीं ज्या रिंगा असतात त्यांची कड आणि ही भिंत पहिल्या कांहीं तासांत एकमेकींस घांसून परस्परांच्या मापाच्या होतात. एकदां हा सांधा जमला कीं जळणारा वायु खालीं उतरत नाहीं आणि खालचें तेल वर चढत नाहीं. तो जमला नाहीं, तर पुढें गाडी आयुष्यभर तेल पिते आणि निळसर धूर ओकते. गिअर, बेअरिंगें आणि मागील डिफरन्शियल ह्यांचीही अशीच सोयरीक जुळावयाची असते, आणि ती जुळतांना निघणारा धातूचा बारीक कीस तेलांत उतरतो. पहिली तेलबदली लवकर करावयास सांगतात ती ह्यासाठीं. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या पुस्तिकांत ती पहिल्या ५० तासांनंतर सांगितलेली असते. ‘तेल अजून मधासारखें दिसतें, कशास फेंकावयाचें’ असें म्हणून जो ती पुढें ढकलतो, तो चार पैसे वांचवून यंत्राच्या रक्तांत वाळू फिरवीत असतो.

येथें एक वाद आहे आणि तो टाळून चालणार नाहीं. कांहीं मेस्त्री म्हणतात, आतांचीं इंजिनें कारखान्यांतूनच रुळून येतात, त्यांना जपण्याची गरज नाहीं. दुसरे म्हणतात, पहिले दोन महिने बैलगाडीच्या चालीनें चालवा. आमच्या मतें दोघेही अर्धे खरे आहेत. आजची घडाई पूर्वीपेक्षां फार नेमकी झाली आहे हें कबूल. तरी मोटारींच्या पुस्तिकांत आजही बहुधा पहिल्या १००० किलोमीटरांच्या आसपास वेग व भार आवरण्याची सूचना छापलेली असते, आणि ज्यानें यंत्र घडविलें त्याचें सांगणें पारावरच्या मतापेक्षां वजनदार मानावें. उलट, अति जपणेंही घातकच होय. रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः जळणाऱ्या वायूच्या दाबानें. इंजिन नुसतें मंद फिरत ठेवलें, तर तो दाब पुरेसा पडत नाहीं, आणि रेघांवर जळक्या तेलाचा काचेसारखा थर बसून सांधा कायमचा बिघडतो. डिझेल इंजिनास हा धोका विशेष. म्हणून नवा ट्रॅक्टर बांधावर तासचे तास रिकामा घुरघुरत ठेवणें, किंवा पहिल्या आठवड्यांतच पंप जोडून दिवसभर एकाच वेगानें फिरविणें, दोन्ही वाईट. मध्यम भार द्यावा, वेग कमीजास्त करीत राहावा, चढावर वरचा गिअर धरून इंजिनाला रडवूं नये, आणि थंड इंजिनावर पहिलीं दोन-चार मिनिटें जोर करूं नये. कुळवणी, पेरणी, निम्मी भरलेली ट्रॉली, हीं कामें ट्रॅक्टराच्या पहिल्या पन्नास तासांस अगदीं योग्य. चाकांचे नट पहिल्या कांहीं तासांनंतर पुन्हां आवळून पाहावे, कारण नव्या चाकाची बैठक थोडी सैल होतेच; ही गोष्ट पुस्तिकेंत असूनही फारच थोडे लोक करतात.

इंजिन बिघडलें तर पैसे जातात. ब्रेक बिघडला तर माणसें जातात. म्हणून ह्या लेखाचा मोठा भाग आम्हीं ब्रेकसाठीं राखून ठेवला आहे.

नवा ब्रेक हा पहिल्या दिवशीं पूर्ण ब्रेक नसतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. ड्रम असो वा डिस्क, तिच्यावर दाबलें जाणारें लायनिंग सुरुवातीस सर्व पृष्ठभागानें टेंकत नाहीं, उंचवट्यांवरच टेंकतें. हळूहळू घांसून दोहोंचा पूर्ण मेळ बसतो आणि लायनिंगाचा एक अतिशय पातळ थर लोखंडावर चढतो. मग पकड येते. तोंपर्यंत, म्हणजे पहिले सुमारें ३०० किलोमीटर, पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवावें, मध्यम वेगांतून सावकाश, परंतु पुष्कळ वेळां ब्रेक लावावा, आणि मध्यें त्याला थंड होऊं द्यावें. अंगावर कोणी आलें तर अर्थातच सर्व बळ लावून दाबावा. तेथें रुळवणीचा विचार करूं नये. ह्या दिवसांत नव्या ब्रेकला लांब घाट उतरावयास लावलें, तर लायनिंगावर झिलई चढते आणि ब्रेक लागतो पण धरत नाहीं. जुन्या गाडीस नवीं लायनिंगें घातलीं तरी हाच नियम. मेस्त्रीकडून गाडी आणली आणि त्याच रात्रीं कोंकणांत उतरली, असें करूं नये.

घाट ब्रेकला कां मारतो, ह्याचा हिशेब प्रत्येक चालविणाऱ्यानें एकदां तरी करावा. ब्रेक हा गाडीचा वेग नाहींसा करीत नाहीं. तो वेगाची उष्णता करतो. वेग दुप्पट झाला तर ही उष्णता चौपट होते. लोणावळ्याहून खोपोलीस उतरतांना गाडी पांचशें मीटरांहून अधिक खालीं येते. साडेपांचशें मीटर धरले तर एवढ्या उतरणीची शक्ति ही ताशीं ६० किलोमीटरच्या वेगांतून तीच गाडी ३९ वेळां लागोपाठ थांबविण्याइतकी असते, मग ती मोटार असो कीं मालमोटार. त्यांतला कांहीं भाग वाऱ्यांत आणि टायरांच्या घर्षणांत जातो. राहिलेला सर्व भाग, इंजिनानें धरला नाहीं, तर ब्रेकच्या चार वाटींत जमतो. लायनिंग फार तापलें म्हणजे त्यांतील राळ जळून वायु सुटतो आणि पकड सुटते. ब्रेकच्या नळ्यांतील तेल उकळलें तर त्यांत बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखें तळाशीं जातें. लोक ह्यासच ‘ब्रेक फेल झाला’ म्हणतात. बहुतेक वेळां ब्रेक फेल झालेला नसतो. त्याला मारलेलें असतें.

दोन प्रसंग सर्वांच्या आठवणींत असतील. १९ नोव्हेंबर २०१९ रोजीं पंढरपूरहून कार्तिकीसाठीं आळंदीस येत असलेल्या संत नामदेव महाराजांच्या पालखी सोहळ्यांत दिवे घाटांत एक माती उपसण्याचें यंत्र उतारावरून घुसलें. नामदेव महाराजांचे वंशज सोपानमहाराज नामदास आणि आणखी एक वारकरी मृत्यु पावले, कित्येक जखमी झाले. यंत्राचा ब्रेक निकामी झाला असें तेव्हां सांगण्यांत आलें. त्याच घाटांत आषाढीच्या वारींत माउलींचा रथ चढविण्यासाठीं गांवोगांवचे शेतकरी आपल्या बैलजोड्या जुंपतात. चढासाठीं एवढी तजवीज करणाऱ्या समाजानें उताराचा विचार करूं नये, हें आश्चर्य होय. दुसरा प्रसंग २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्रींचा. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून पुण्यांत उतरणाऱ्या रस्त्यावर नवले पुलापाशीं एका मालमोटारीनें चाळीसहून अधिक वाहनें ठोकरलीं. प्रथम ब्रेक निकामी झाल्याची बातमी आली. पुढें तपासांत पोलिसांनीं सांगितलें कीं चालकानें इंधन वांचविण्यासाठीं उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती.

हें इंधन वांचविण्याचें वेड आपल्या गांवांतही आहे, म्हणून त्यावर स्पष्ट लिहितों. उतार लागला कीं गिअर काढून गाडी ‘न्यूट्रल’ सोडावयाची, कांहीं तर किल्लीच फिरवितात. ह्यांत दोन चुका आहेत. पहिली अशी कीं जड गाड्यांचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो आणि ती हवा इंजिनावर फिरणारा पंप भरतो. मोटारीचा ब्रेक हलका करणारा बूस्टरही इंजिन चालू असेपर्यंतच काम करतो. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन वेळां पेडल दाबलें कीं सांठलेला जोर संपतो, पेडल दगडासारखें होतें, आणि बहुतेक गाड्यांत सुकाणूही जड होतें. दुसरी चूक हिशेबाची आहे. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्यें असतांना पाय काढला कीं इंधनाची फवारणी जवळजवळ पूर्ण थांबते. चाकेंच इंजिनाला फिरवितात. उलट न्यूट्रलमध्यें इंजिन जिवंत ठेवण्यासाठीं थोडें इंधन जळतच राहतें. म्हणजे ज्या बचतीसाठीं जीव धोक्यांत घालावयाचा ती बचत मुळांतच नाहीं! जुना नियम आजही खरा आहे: जो घाट ज्या गिअरमध्यें चढतां येतो, त्याच गिअरमध्यें तो उतरावा, आणि गिअर उताराच्या तोंडाशींच बदलावा, मध्यें नव्हे. विजेच्या नव्या मोटारींत उतरतांना मोटारच वेग धरते व बॅटरी भरते, ही सोय चांगली. परंतु घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती शक्ति घेण्यास जागा नसते, हें अशा गाड्या घेणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावें.

ब्रेकच्या तेलाकडे कोणीच पाहत नाहीं. हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डब्याचें झांकण उघडें राहिलें तरी बिघडतें. ‘डॉट ३’ जातीचें कोरें तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. तेंच ओलावा प्यायल्यावर १४० अंशांस उकळूं शकतें. ‘डॉट ४’ चे हेच आंकडे २३० आणि १५५. म्हणून तें सुमारें दोन वर्षांनीं बदलावें. हें काम कांहीं शें रुपयांचें आहे. ज्या गाडींत हजारोंचा गाण्याचा संच बसविला जातो तिच्या मालकास तें जड जाऊं नये. आपल्याकडे पावसाळ्यांत नदी-ओढ्यांचें पाणी रस्त्यावर येतें. अशा पाण्यांतून गेल्यावर ड्रम भिजतात आणि पहिला ब्रेक लागतच नाहीं. पलीकडे निघाल्यावर हळू चालवीत दोन-तीन वेळां हलका ब्रेक लावून तो कोरडा करावा. चिखलणीहून आलेल्या ट्रॅक्टराचेही ब्रेक रस्त्यावर चढण्यापूर्वीं असेच तपासून घ्यावे.

आतां ट्रॅक्टर आणि ट्रॉली ह्यांविषयीं. खरी चिंता आम्हांस येथेंच वाटते. ट्रॅक्टरास डाव्या व उजव्या चाकासाठीं दोन निरनिराळीं पेडलें असतात, तीं शेतांत तासाच्या टोंकाला झटकन् वळावयास. रस्त्यावर येतांच तीं दोन्ही खिळीनें जोडलीं पाहिजेत. न जोडतां वेगांत एकच पेडल दाबलें गेलें, तर ट्रॅक्टर जागच्या जागीं फिरून उलटतो. ही खिळी कित्येक ट्रॅक्टरांवर गंजून बसलेली किंवा नाहींशी झालेली दिसते. शिवाय आपल्याकडील सामान्य ट्रॅक्टरास ब्रेक मागच्या दोन चाकांनाच असतो. पन्नासएक अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतः दोन टनांच्या आसपास. त्याच्यामागें तिप्पट वजनाची ट्रॉली, आणि त्या ट्रॉलीस ब्रेक नाहीं. समतल रस्त्यावर हें खपून जातें. उतारावर मात्र ट्रॉली ट्रॅक्टराला ढकलूं लागते; चालकानें ब्रेक दाबला कीं मागची ट्रॉली बाजूस वळून ट्रॅक्टराला आडवा करते. मग चालक कितीही जुना व हुशार असो, त्याच्या हातीं कांहीं राहत नाहीं.

मोशीपुरतें बोलावयाचें तर आपला प्रश्न आणखी बिकट आहे. मोशी १९९७ सालीं महापालिकेंत गेली. त्याआधीं १९७२ सालीं स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणानें आणि मागाहून चाकणच्या कारखान्यांनीं ह्या पट्ट्याचा सारा नूर बदलला. शेत राहिलें तें तुकड्यांनीं, आणि शेतापासून उपबाजारापर्यंतची वाट आतां पुणें-नाशिक महामार्गावरून जाते. पुढें कारखान्याची बस, मागें कंटेनर, मधून दुचाकींचे थवे, आणि त्यांच्यामध्यें ब्रेक नसलेली, मागें लाल चकाकीही नसलेली भाजीपाल्याची किंवा कडब्याची ट्रॉली. आपण म्हणतों, शहरवाले बेफाम चालवितात. तें खरें आहे. परंतु त्यांतला एखादा दुचाकीवाला पोरगा आपल्याच गांवचा असतो.

सरकार ह्यावर लक्ष ठेवील अशी आशा करूं नये. भाड्याच्या व मालवाहू गाड्यांस ठराविक मुदतीनें योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. घरच्या मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षें चालते, आणि एवढ्या काळांत तिचा ब्रेक पाहावयास कोणी येत नाहीं. गंमत अशी कीं, ब्रेकचें शास्त्र आपल्या दारांतच नांदतें. वाहनांची चांचणी घेणारी ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ पासून पुण्यांत आहे. रस्तेवाहतुकीचें शिक्षण देणारी केंद्रीय संस्था १९६७ पासून भोसरींत नाशिक रस्त्यालाच आहे. देशांत विकल्या जाणाऱ्या गाड्यांचे ब्रेक ज्या गांवकुसाबाहेर तपासले जातात, त्या गांवची ट्रॉली ब्रेकविना फिरते.

आमची सूचना साधी आहे. आपल्या संस्थेनें पावसाळ्यापूर्वीं आणि कांद्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं असा वर्षांतून दोन वेळां सभासदांच्या ट्रॅक्टर-ट्रॉलींचा तपास ठेवावा; एक जाणता मेस्त्री, एक मोकळें मैदान आणि एक सकाळ एवढें त्यास पुरतें. रिकामी ट्रॉली जोडून ताशीं वीसच्या वेगांत ब्रेक दाबला असतां ट्रॅक्टर सरळ थांबतो कीं वळतो, खिळी लागते कीं नाहीं, पेडलें सारखीं उतरतात कीं कमीजास्त, ट्रॉलीच्या आकड्याची पिन कितपत झिजली आहे, मागें लाल पट्टी आहे कीं नाहीं, इतकें पाहिलें तरी निम्मे दोष हातीं लागतील. नवी ट्रॉली घेणाऱ्यानें तिला स्वतःचा ब्रेक असल्याखेरीज ती घेऊं नये. गांवच्या वेल्डिंगवाल्याकडे स्वस्तांत होते म्हणून घेतलेली ट्रॉली स्वस्त असते, कारण तिच्यांत हा भाग वगळलेला असतो. अलीकडे दर डिसेंबरांत मोशीसच भरणाऱ्या किसान प्रदर्शनांत पुष्कळ सभासद जातात आणि अश्वशक्ति, उचल, अनुदान ह्यांची विचारपूस करून येतात. येत्या वेळीं त्यांनीं प्रत्येक ट्रॉलीवाल्यास ब्रेक कोणत्या प्रकारचा, लायनिंग कोठें मिळतें आणि तें बदलण्यास किती वेळ लागतो, हे तीन प्रश्न विचारावे व मिळालेलीं उत्तरें ह्या मासिकाकडे लिहून पाठवावीं. ज्यांच्या ट्रॉल्या जुन्या आहेत त्यांनीं ब्रेक बसेपर्यंत भार निम्म्यावर आणावा, उताराच्या रस्त्यानें न जातां लांबच्या सपाट वाटेनें जावें, आणि रात्रीं महामार्गावर चढूं नये.